पिकअपला पाजलेला गॅस

माझ्या दिराला फार डोकं आहे, असं आमच्या घरात सगळे म्हणतात. मला ते डोकं कधीच सोसलं नाही. दिवसभर ओसरीवर मोबाईल घेऊन लोळायचं, हिंदीतले व्हिडिओ पाहायचे आणि दुसऱ्याच्या जिवावर प्रयोग करायचे, याला डोकं म्हणत असतील तर म्हणोत बापडे. भरलेला पिकअप त्याने जन्मात चालवला नाही. चालवतो माझा नवरा. नार्नूरच्या आसपासच्या गावांतला कापूस भरायचा आणि घाट चढून आदिलाबादच्या बाजारात न्यायचा, यावर आमचं घर चालतं.

कापूस पायाने तुडवून तुडवून भरतात, गाडीच्या दुप्पट उंच होईपर्यंत. घाटात गाडी रडायची. दिराने त्यावर उपाय शोधला. डिझेलच्या इंजिनाला हवेसोबत थोडा गॅस पाजला की ओढ वाढते म्हणे. गॅस कुठला? माझ्या स्वयंपाकघरातला! भरून ठेवलेलं दुसरं सिलिंडर त्याने मला न विचारता उचललं आणि ड्रायव्हरच्या शेजारी पायापाशी उभं केलं. तिथून रबरी नळी हवेच्या पाइपात घुसवली आणि स्टिअरिंगजवळ कॉक बसवला. चढ आला की उघडायचा, संपला की बंद करायचा.

"भाऊजी, सिलिंडर शेजारी घेऊन माणूस घाट चढन का?" मी विचारलं.

"वयनी, तुमी काऊन भेऊन राह्यल्या? सारी दुनिया करून राह्यली हे."

"मंग तुमी बसा न गाडीवर. माह्या नवऱ्याले काऊन बसवता?"

तो हसला. नवराही हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण दोघांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पहिल्या काही खेपा झकास झाल्या. गाडी घाट भराभर चढली. सासूबाईंनी मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली, तीही गाडीची किंवा चालवणाऱ्याची नाही, दिराची.

मग थंडी पडली. आमच्याकडची थंडी म्हणजे सकाळी हंड्यातल्या पाण्यात हात घालवत नाही. सिलिंडरवर दहिवर जमायचं आणि गॅस नीट येईना. हिवाळ्यात गॅस संपत आला की सासूबाई सिलिंडर आडवं करून शेगडी चालवतात. आमच्या गल्लीत बहुतेक घरी असंच करतात. त्याने ज्वाळा केवढी भडकते, हे मी दर हिवाळ्यात पाहते. एकदा माझा पदर पेट घेता घेता राहिला. दिराने तीच युक्ती उचलली आणि गाडीत सिलिंडर आडवं करून दोरीने आवळलं.

"आडव्यातून नुसता गॅस येत नाई, पाणी झालेला गॅस येते," मी ओरडले. "शेगडी भडकते, मंग इंजिनाचं काय होईन?"

"वयनी, तुमी भाकरी पाहा."

नवरा चहा पिऊन गाडीत बसला. दीर आपली करामत पाहायला फटफटीवर मागोमाग निघाला. मी दारात उभी राहून दिराला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

दुपारी दोघं फटफटीवर परत आले. घाटातल्या मोठ्या चढावर इंजिन आधी टकटक वाजलं, मग धडाका झाला. पिस्टन फुटला, हवेचा पाइप पेटला. जळती नळी नवऱ्याने हाताने उपटून सिलिंडर बंद केलं. कापूस वाचला, तोही वाचला. उजवा तळहात मात्र सोलून निघाला होता, भुवया जळाल्या होत्या. सासूबाईंनी धावत जाऊन जवळ घेतलं ते दिराला. "लेकराची सारी मेहनत वाया गेली," म्हणाल्या. मला हसावं की कोणाचं तोंड फोडावं, कळेना.

नवऱ्याला आत नेलं. हाताला मलम लावता लावता विचारलं, "टकटक आयकू आली होती न? तवाच कॉक बंद करता आला नाई का?"

"आला असता."

"मंग काऊन नाई केला?"

"भाऊ मांगंच होता. कॉक बंद केला का चढावर गाडी कायाकुट्ट धूर सोडते. त्याले समजलं असतं. मन दुखलं असतं त्याचं."

इतकी वर्षं मी या माणसासाठी दिराशी भांडत आले होते. मलमाची ट्यूब माझ्या हातात तशीच राहिली.

"आनी मी?" मी विचारलं. "त्या चढावर माहा इचार आला का तुमाले?"

खोटं बोलला असता तरी मी मानलं असतं. त्याने सोललेला तळहात मलमासाठी पुन्हा पुढे केला.