सलीमभाईंच्या हातातला मी

लग्नाच्या मांडवात सगळ्यात आधी कोण जेवतं, असं आमच्या टेंभुर्णीत कोणालाही विचारा. सलीमभाई! वऱ्हाड अजून फाट्यावरही आलेलं नसायचं आणि हा आडव्या बांध्याचा माणूस कॅमेरा खुर्चीवर ठेवून आचाऱ्याच्या चुलीपाशी उभ्याउभ्याच वांग्याची भाजी आणि पोळी खात असायचा. कोणी हसलं तर म्हणायचे, "उपाशी माणसाचा हात हालतो, बावा. मंग तुमचा नवरदेव डुलताना दिसला तर मला बोलू नका."

माझी शाळा नववीत सुटली. वडिलांनी मला नेऊन सलीमभाईंच्या स्टुडिओत बसवलं. स्टुडिओ म्हणजे पिठाच्या गिरणीवरची एक खोली. खाली गिरणी सुरू झाली की वर टेबल थरथरायचं आणि की-बोर्डवर पांढरा थर बसायचा. मी खाली मान घालून उभा होतो. ते म्हणाले, "शाळेत काय येत नव्हतं ते मला सांगू नको. तुला बघायला काय आवडतं ते सांग." मी कसाबसा म्हणालो, "लोकांची तोंडं." त्यांनी टाळीच वाजवली. "झालं मंग! आपला धंदाच तोंडांचा हाय."

लग्नाची फिल्म कशी कापायची, जोडायची, ते त्यांनी शिकवलं. रागावणं त्यांना जमायचं नाही, टोमणा मात्र बराबर बसायचा. एकदा मी नवरीच्या आईचं रडणं दोन ठिकाणी लावलं होतं. त्यांनी फिल्म थांबवली. "गण्या, पहिल्यांदा ती माय स्वतः रडली. दुसऱ्यांदा तिला तू रडवून राह्यला. काढ ते." आजही कापताना हात आपोआप थांबतो.

पुढे ऑस्ट्रेलियातल्या, लग्नाच्या फिल्म बनवणाऱ्या एका कंपनीचं काम मला इंटरनेटवरून मिळालं. काम वेळेत द्या, कुठंही बसून करा, एवढीच त्यांची अट. त्याच कंपनीचं काम करणारा एक मित्र व्हिएतनामच्या दा नांग शहरात राहायचा. समुद्र आहे, खोल्या स्वस्त आहेत, तूही ये म्हणाला. मी तर जालन्यात बस बदलतानासुद्धा दोनदा पाटी वाचणारा. भीतीच वाटली. सलीमभाईंना विचारलं. ते म्हणाले, "इथं बसून जे करतो तेच तिथं बसून कर. जग पाह्यला मिळंल. आणि काम चालू असताना लाइट तरी जाणार न्हाई!"

तसा मी इथं आलो. लॅपटॉप घेऊन एका मोठ्या हॉलमध्ये जाऊन बसतो. आजूबाजूला देशोदेशीची माणसं, सगळी माझ्यासारखीच दूरची कामं करणारी, पण शिकलेली. "तू हे कुठं शिकलास?" असं कोणी विचारलं की मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगतो, पिठाच्या गिरणीवर. त्यांना ते एखाद्या भारी संस्थेचं नाव वाटतं. मी हसतो आणि पाणी प्यायला उठतो. आता तरी आपलं पितळ उघडं पडणार, ही धास्ती रोजचीच. मीटिंगच्या आधी मी सलीमभाईंना फोन लावतो. ते दुसरं काही विचारत नाहीत. "जेवला का? बस. आता बिनधास्त बोल."

धाकट्या बहिणीचं, वैशूचं, लग्न ठरलं आणि माझा पासपोर्ट व्हिसाच्या मुदतवाढीसाठी ऑफिसात अडकला. लग्न चार दिवसांवर आलं तरी तो हातात येईना. वैशू फोनवर रडली नाही, ते जास्त लागलं. एवढंच म्हणाली, "दादा, नवरदेवाचा कान कोण पिळणार मंग?" आमच्याकडे विधी चालू असताना नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, असा त्याचा अर्थ. हा मान सख्ख्या भावाचा. मी एकुलता एक भाऊ, आणि समुद्रापलीकडे बसलेला.

सलीमभाईंना सांगितलं, तर ते म्हणाले, "रडून काय राह्यला? नवं शर्ट घाल आन् मोबाइल चार्ज ठेव. तुला मी लग्नात फिरवतो."

आणि खरोखर फिरवलं! त्या दिवशी मोठा कॅमेरा त्यांनी पुतण्याकडे दिला आणि स्वतः मला, म्हणजे मोबाइलला, उंच धरून मांडवभर हिंडले. "सरका, सरका, नवरीचा भाऊ आलाय, जाऊ द्या!" पाहुणे मोबाइलला रामराम करत होते. एका काकांनी तर बुंदीचा लाडू पुढे केला. हसनाबादच्या आत्याला राहवलं नाही. "भाच्याला कुंकू न लावता कसं बाई?" म्हणत तिने मोबाइलला टिळा लावला, तो नेमका वरच्या कॅमेऱ्यावर. माझ्यासमोर सगळा मांडव लालेलाल!

"आत्या, लेकराच्या डोळ्यात घातलं तुम्ही!" सलीमभाई ओरडले. आत्याने घाईघाईने पदराने पुसलं, तर लाल सगळीकडे पसरलं. इकडे हॉलमधली माणसं माझं हसणं ऐकून वळून बघत होती.

मंगलाष्टकं झाली, विधी सुरू झाले. कान पिळायची वेळ आली तसा आमचा चुलतभाऊ पुढे सरकला. तेवढ्यात वैशू म्हणाली, "थांब रे. माझा भाऊ हजर हाय."

गुरुजींनी मोबाइलकडे पाहिलं. "हजर आहेत, पण हात कुठून आणायचा?"

"भाऊ ज्याच्या हातात हाय, त्याचाच हात," वैशू म्हणाली.

सलीमभाई कधी नव्हे ते गडबडले. "बेटा, मी फोटोवाला माणूस. घरचं कोणी..."

"भाई, जल्दी करा, गुरुजी खोळंबून राह्यले," वैशूने दटावलं. वडिलांनीही मान डोलावली. मी इकडून ओरडलो, "भाई, जोरात!"

पुढचं मला दिसलं नाही. मोबाइल कलला आणि समोर फक्त मांडवाचं छत आलं. नवरदेवाची, विकासरावांची, "आई गं!" मात्र स्पष्ट ऐकू आली, मग हशा, मग शिट्ट्या. पुतण्याही हसण्यात कॅमेरा धरायला विसरला होता. ती फिल्म नंतर मीच कापली, इथं बसून. तिच्यात सगळं आहे, तेवढं एक नाही.

दिवाळीत पासपोर्ट घेऊन महिनाभर गावी गेलो. सलीमभाईंना सोबत घेऊन वैशूच्या सासरी गेलो. चहा झाला तसे विकासराव उठून माझ्यासमोर आले आणि त्यांनी मान तिरकी केली. "घ्या मेव्हणे, तुमचा हक्क राह्यला होता."

वैशू दारात हसत उभी होती. माझा हात अर्ध्यापर्यंत वर गेलाही. सहज बाजूला पाहिलं, तर सलीमभाई उगाचच भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

मी हात खाली घेतला. "राहू द्या, विकासराव. मी मांडवातच पिळलाय."

विकासरावांनी एकदा माझ्याकडे, एकदा सलीमभाईंकडे पाहिलं आणि कान चोळला.

"खरंय," ते म्हणाले. "अजून दुखतो."