मोठ्या सिस्टरची कात्री

प्लास्टिकचा तुकडा नुसता हातात घेऊन त्याचं आयुष्य किती उरलं आहे हे सांगणारं माणूस अख्ख्या जबलपुरात एकच होतं, आणि ते म्हणजे आमच्या मोठ्या सिस्टर. चेरीतालच्या ज्या लहानशा दवाखान्यात मी सामान धुण्याचं काम करते, तिथल्या धुण्याच्या खोलीत त्यांचंच राज्य होतं. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. खाटेवरचा पेशंट बरा होऊन घरी जाईपर्यंत त्यांच्यासाठी "वो खिड़कीवाले भैया"च असायचा. पण ऑक्सिजनच्या पाण्याची बाटली लांबून दिसली तरी म्हणायच्या, "हिचं झाकण दिवाळीपासून ढिलं आहे." आणि ते ढिलं निघायचं.

घरी त्यांच्याइतकी जपणूक मी कुठे पाहिली नाही. सदर बाजारात आईस्क्रीम खाल्लं तर कप आणि चमचा तिथल्याच नळावर धुवून पर्समध्ये जायचे. मिठाईच्या डब्यात तुरीची डाळ असायची, सॉसच्या बाटलीत तेल, आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्या दोरीवर कपड्यांसारख्या चिमट्यांनी टांगलेल्या. एकदा सुनेने दह्याचा फुटका डबा कचऱ्यात टाकला, तर यांनी तो उचलून आणला, घासला आणि त्यात तुळस लावून तिलाच पाणी घालायला सांगितलं. आणि हीच बाई दवाखान्यात गळ्यात लाल फितीला कात्री अडकवून फिरायची! एकदाच वापरायचं सामान पेशंटपासून निघालं की कच्चकन दोन तुकडे करायचे, मगच पिशवीत टाकायचं. वॉर्डबॉय हसायचे, "दीदी, मरे हुए को क्यों मारती हो?" त्या म्हणायच्या, "ताकि कोई ज़िंदा न कर दे."

मी चौथी शिकलेली. सामानाच्या पाकिटांवर सगळं इंग्रजी. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला पाकिटावरचं एक चित्र दाखवलं, गोलात दोनचा आकडा आणि त्यावर काट. "दोन समजते ना तुले? दोनावर काट म्हणजे दुसऱ्यांदा नाही. झाली तुझी इंग्रजी." त्या दिवसापासून मी किराणा दुकानातल्या पाकिटांवरही तो काटलेला दोन शोधत असते.

तरी एकदा चुकलेच. श्वासाच्या मशीनची एक नळी असते, पेटीच्या भात्यासारखी घड्याघड्यांची. पाकिटावर काट होती, मी पाहिली होती. पण एकाच पेशंटला तासभर लावलेली, नव्यासारखी चकचकीत. फेकायला जीव होईना. मी ती साबणाने तीनदा धुतली, वाळवली आणि स्वच्छ ट्रेमध्ये ठेवली. सिस्टरनी ती बरोबर ओळखली. मला वाटलं, आता गेलं काम. पण त्या ओरडल्या नाहीत. स्वयंपाकघरातून हळद आणली, पाण्यात कालवून नळीत ओतली आणि म्हणाल्या, "आता धू. पाहिजे तेवढी धू." मी अर्धी दुपार धूत होते. खालून पाणी अगदी स्वच्छ यायला लागलं, तेव्हा त्यांनी नळी उभी चिरली. प्रत्येक घडीत पिवळी रेघ. मी हळूच म्हटलं, "सिस्टर, हळद तर डब्यालेपण लागते."

"लागते ना? मग कफ काहून नाही लागणार? डब्यातली हळद भाजीत जाते. इथली दुसऱ्याच्या छातीत जाईन. ज्याच्या आत आपली नजर पोचत नाही, ते धुतलं असं म्हणायचंच नाही."

मग मोठ्या डॉक्टरांची मुलगी शिकून आली आणि दवाखाना पाहू लागली. तिने ठरवलं, सगळंच पाकिटातलं आणायचं, वापरायचं आणि फेकायचं. धुण्याची खोली बंद, तिथे खोकी ठेवायची. मी ट्रे घेऊन तिथेच उभी होते. घरी सासू आणि दोन मुली. आणि चारचौघांत तोंड उघडून काम मागणं मला कधी जमलेलं नाही. हे गेलं तर दुसऱ्या दारात उभी राहून मी काय बोलणार, याचीच धास्ती बसली.

सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, मुझे एक टेबल दीजिए और एक दोपहर." टेबलावर दोन ढीग सुरू झाले, फेकायचा आणि धुवायचा. बारीक नळ्या, नाकातल्या नळ्या, घड्यांची ती भात्यासारखी नळी, सगळं फेकायच्या ढिगात. ढीग वाढला तशी मी दाराकडे सरकत गेले. जंतू मारायच्या वाफेत टिकणारे रबरासारखे मऊ मास्क, जाड बाटल्या, ज्यांच्या आत ब्रश आणि नजर दोन्ही पोचतात, ते धुवायच्या ढिगात. प्रत्येक वस्तू खिडकीकडे धरायची, वाकवायची, वास घ्यायचा. शेवटी हातात आला नवजात बाळाचा एवढासा मास्क. तो पुन्हा वापरायचाच होता, आणि सगळ्यात जपून मी तोच धुवायची. त्यांनी अंगठ्याने दाबला. काठाला केसाएवढी चीर. त्यांनी तो फेकायच्या ढिगात टाकला.

"सिस्टर!" माझ्या तोंडून निघून गेलं.

डॉक्टर मॅडमही म्हणाल्या, "पर ये तो धोनेवाला है न?"

"था, मॅडम. अब नहीं है." आणि त्यांनी माझी वही पुढे केली. प्रत्येक वस्तूला एक पान, वस्तू वाफेत गेली की एक रेघ. त्या मास्कचं पान रेघांनी भरलं होतं. "ये किसने लिखा?" मॅडमनी विचारलं. मी तोवर दारामागे गेले होते. "जो दरवाज़े के पीछे है, उसने. चौथी पढ़ी है, पर एक लकीर नहीं चूकती."

मॅडमनी पानं उलटली. मग हसून म्हणाल्या, "जो अपने ही ढेर से निकाल दे, उसके ढेर पर क्या शक करूँ." धुण्याची खोली राहिली. ढीग लहान झाला, पण माझा राहिला. जाताना सिस्टरनी मला दारात गाठलं. "ओरडली काहून? तुझं काम वाचवायसाठी फुटका मास्क लेकराच्या तोंडावर ठेवू?"

आता त्या निवृत्त होऊन सिहोऱ्याला मुलाकडे राहतात. कात्री माझ्या गळ्यात आहे. मागच्या महिन्यात बसने भेटायला गेले. त्यांना दम्याने घेरलं आहे, खाटेजवळ वाफ घ्यायचं मशीन. मास्क जुना, औषधाची वाटी दुधासारखी पांढुरकी झालेली. "मी एकटीच वापरते वं," त्या म्हणाल्या, "धुवून धुवून सहा महिने चालवून राहिली." मी वाटी खिडकीकडे धरली. आत औषधाचा कडक थर बसला होता. त्यांच्या दम्याचं ऐकलं होतं, म्हणून मी येतानाच दवाखान्यातून विचारून नव्या मास्कचं आणि वाटीचं पाकीट आणलं होतं. कात्री काढली आणि जुनी वाटी, मास्क, दोन्ही कापले.

त्या खोकत खोकत हसल्या. "आण ते तुकडे इकडे. बटणं ठेवायले होतीन."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना नाही म्हटलं. पण नव्या मास्कची रिकामी प्लास्टिकची पिशवी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती सरळ केली, उजेडाकडे धरली आणि बराच वेळ तिच्यातून खिडकीबाहेर पाहत राहिल्या.