बधिर जबड्याची सांत्वनभेट

दातांच्या डॉक्टरीणबाईंना त्यांच्या धंद्यातली ती जुनी खोड होती. पेशंटच्या तोंडात आरसा, लाळ ओढायची नळी आणि कापसाचे दोन बोळे कोंबून झाले, की त्यांना गप्पांची हुक्की येई. धाकटीचं लग्न ठरलं का, घराला रंग लावून झाला का, सगळी चौकशी नेमकी तेव्हाच. आतून "आँ... आँ" असा हुंकार आला की बाई मनापासून म्हणत, "वा, छान झालं हो." एकदा एका शिंप्याने याच मार्गाने सासू जिन्यावरून पडल्याची बातमी दिली, तेव्हा त्या बातमीलाही "वा, छान झालं हो" मिळालं होतं. शिंप्याची त्याला हरकत दिसली नाही, ती गोष्ट वेगळी.

दवाखाना म्हणजे किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरची एक खोली. खालून सतत कानस घासल्याचा आवाज येई आणि नव्या पेशंटला वाटे, ही आपल्यासाठीच हत्यारं तयार होताहेत. त्यात खुर्ची जुनी. ती मागे झुकवताना पेशंटच्या आधी खुर्चीच कण्हायची. चर्चमधली मुलं बाईंना चिमटाबाई म्हणत आणि रविवारी त्या समोरून आल्या की ओठ घट्ट मिटून घेत.

सत्तावीस वर्षं लोकांचे ठणके हाताळून बाईंचं दुखण्याबद्दल एक मत झालं होतं. ठणका चालू असताना माणूस "का" विचारत नाही. "कधी थांबेल" एवढंच विचारतो. "का" नंतर येतो, घरी गेल्यावर, गालावर हात ठेवून बसल्यावर. आणि नेमकं तेव्हा जर कुणी समोर बसून गोड खाण्याचे दुष्परिणाम सांगायला लागलं, तर त्याचेच दात पाडावेसे वाटतात.

हे मत त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. चर्चमध्ये त्या तिसऱ्या बाकावर बसत आणि मंडळी गायला तोंड उघडायची तेव्हा पुढच्या महिन्याची कामं बघून ठेवत. शेजारी बसत त्यांच्या थोरल्या ताई. शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आणि अजून कुणाचीही चूक सोडायला तयार नसलेल्या. दोघी बहिणी रोज भांडत. मिठावरून भांडत, पडद्यांवरून भांडत, आई दोघींपैकी कुणावर जास्त रागवायची यावरून तर चाळीस वर्षं भांडत होत्या. देवाशीसुद्धा ताईंचं भांडण असे. प्रार्थनेला बसल्या की असं वाटे, देवाने गृहपाठ आणलेला नाही आणि ताई कारण विचारताहेत.

मग भाऊजी आजारी पडले. भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान, बस चालवायचे. कधी हॉर्न न वाजवणारा ड्रायव्हर म्हणून गावभर नाव. तोच माणूस अकरा महिने अंथरुणावर विव्हळला आणि गेला. तिसऱ्या दिवशी चर्चचे पाळकसाहेब भेटीला आले. पाळकसाहेब माणूस लोण्यासारखा मऊ, पण या लोण्याला मुद्दे फुटायचे. त्यांनी ताईंसमोर बसून तीन मुद्दे मांडले. पहिला, दुःख ही देवाची शाळा आहे. दुसरा, देव बागेतली उत्तम फुलंच आधी खुडतो. तिसरा, यामागे देवाची योजना आहे आणि ती आपल्याला पुढे कळेल. ताईंनी सगळं ऐकून घेतलं, त्यांना पाणी दिलं, दारापर्यंत सोडलं आणि दार लावून बहिणीला म्हणाल्या, "मागच्या पानावरचं उत्तर बघून पायऱ्या लिहिणारी पोरं मी तीस वर्षं पकडली. हे त्यांतलेच."

त्यानंतर ताई चर्चला गेल्या नाहीत. ते एक वेळ चाललं असतं. पण त्या भांडायच्याही थांबल्या. मीठ कमी पडलं तरी "हं". पडदे उलटे लावले तरी "हं". डोळ्यांत टिपूस नाही, तोंडात शब्द नाही. बाईंनी मुद्दाम आईचा विषय काढून बघितला, तर ताई म्हणाल्या, तुझंच बरोबर असेल. त्या दिवशी मात्र बाईंची पाचावर धारण बसली. भाऊजी तर गेलेच होते, आता ताईही हळूहळू चालल्या होत्या, आणि असं चार महिने चाललं होतं.

अशात एका शुक्रवारी दुपारी पाळकीणबाईंचा फोन आला. साहेबांची दाढ तीन दिवस ठणकतेय. लवंगा संपल्या. येत्या रविवारी दुःखावरच्या उपदेशमालेतला सहावा आणि शेवटचा उपदेश आहे, आणि हे आपलं म्हणताहेत की ही परीक्षा आहे, सोसायला हवी. बाई म्हणाल्या, आधी दाढ आणा, परीक्षेचं मागाहून बघू.

पाळकसाहेब आले ते गालाला मफलर बांधून. जिना चढतानाच त्यांनी जाहीर केलं, की भूल नको. ज्याने वधस्तंभावर एवढं सोसलं, त्याच्या सेवकाने एका दाढेसाठी सुई घ्यावी हे बरं दिसत नाही. बाईंनी "बरं" म्हणून खुर्ची झुकवली. खुर्ची कण्हली. खालून कानस कर्रर्र वाजली. बाईंनी दाढेवर नुसती बारीक हातोडी टेकवली, आणि पाळकसाहेबांचे दोन्ही बूट छताच्या दिशेने निघाले.

सुई त्यांनी स्वतःहून मागितली. ती चढायलाही पाच मिनिटं लागतात, पण त्यांना धीर धरवेना. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी केविलवाण्या चेहऱ्याने दोन बोटं दाखवली. बाईंनी दुसरीही दिली. पाच उपदेशांचा धनी दहा मिनिटांत डाव्या कानापासून हनुवटीपर्यंत लाकूड झाला. जीभ अर्धी गेली, ओठ लोंबला. मग तोंडात नळी गेली, बोळे गेले, आणि सवयीप्रमाणे बाईंना बोलायची हुक्की आली.

पण या वेळी त्यांनी घराच्या रंगाचं विचारलं नाही. दाढ हलवता हलवता त्या म्हणाल्या, "साहेब, एक सांगा. प्रभू आपल्या मित्राच्या कबरीपाशी गेला, तेव्हा थोड्याच वेळात तो त्याला उठवणार होता. हे त्याला ठाऊकही होतं. तरी आधी रडला. तुम्ही माझ्या भाऊजींना उठवणार होतात का?"

"आँ," पाळकसाहेब म्हणाले.

"नव्हतात. मग रडायचं सोडून मुद्दे कसले काढलेत?"

बाईंनी चिमटा फिरवला आणि पुढे चालू ठेवलं. वधस्तंभावर खुद्द त्यानेही ओरडून "का" विचारलं होतं ना. आणि वरून उत्तर आल्याचं कुठे लिहिलेलं नाही. मुलाला जे उत्तर बापाने दिलं नाही, ते तुम्हाला तिसऱ्याच दिवशी, तेही तीन भागांत, कुठून मिळालं? सत्तावीस वर्षांत बाईंनी तोंड उघड्या माणसाला इतकं सलग कधी ऐकवलं नव्हतं. दाढ निघाली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि दोन सुयांनंतर दाढ काही दुखत नसणार.

पाळकसाहेबांनी कागद मागितला. त्यावर लिहिलं: "चुकलं. उद्या ताईंकडे जातो. आज बोलता येत नाही."

"म्हणूनच आज," बाई म्हणाल्या. त्यांनी पुढच्या पेशंटला तासाभराने यायला सांगितलं, साहेबांच्या दातांत नवा बोळा ठेवला आणि त्यांना दंडाला धरून दोन गल्ल्या पलीकडे ताईंच्या दारात उभं केलं.

ताईंनी दार उघडलं आणि साहेबांना बघून त्यांचा चेहरा आणखी मिटायला लागला. साहेबांनी सवयीने तोंड उघडलं. आतून "ह्वॅ" असं काहीतरी आलं.

"दाढ काढलीय," बाई घाईघाईने म्हणाल्या. "बोलता येत नाही."

"अजिबात?"

"चार तास तरी."

ताई दारातून बाजूला झाल्या. "मग या आत."

साहेब खुर्चीच्या टोकावर बसले. बोळा काढल्यावर ताईंनी त्यांना थंड दुधाचा ग्लास दिला, कारण आलेल्या माणसाला काही दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. साहेबांनी मोठ्या अदबीने घोट घेतला. घोट डाव्या ओठावरून कोटावर उतरला, कोटावरून गुडघ्यावर, आणि साहेबांना त्याचा पत्ताच नाही. ते गंभीरपणे मान हलवत, आत न गेलेलं दूध गिळत होते. दुसरा घोटही त्याच वाटेने गेला. तिसऱ्याला ताईंनी तोंडावर पदर घेतला. पदरातून एक बारीक आवाज आला, मग मोठा, आणि मग ताई पोट धरून हसायला लागल्या. बाईही सुटल्या. साहेबांनी खाली बघितलं, कोट बघितला, आणि अर्ध्या तोंडाने तेही हसले.

ताईंचं हसू कधी रडण्यात गेलं ते कुणाला कळलं नाही. भाऊजी गिअर बदलायचे तसंच, धक्का न बसता. मग त्या बोलू लागल्या. अकरा महिन्यांचं बोलल्या. तिसऱ्या महिन्यात मी देवाकडे बरं करायचं मागणंही सोडलं होतं, म्हणाल्या, एक रात्र त्यांना झोप दे एवढंच मागितलं, आणि त्याने तेही दिलं नाही. हा कुठला बाप. साहेबांच्या ओठाची उजवी बाजू थरथरत होती, डावीला बातमीच पोचली नव्हती. त्यांनी ताईंचा हात नुसता धरून ठेवला.

कितीतरी वेळाने ताईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "उद्या परत या."

"उद्यापर्यंत भूल उतरेल गं," बाई म्हणाल्या.

"मग उद्या आणखी एक काढ. किती राहिल्यात त्यांच्या?"

पाळकसाहेबांनी झटकन गाल धरला. तरी मान मात्र होकारार्थीच हलली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई दवाखाना बंद करून ताईंकडे निघाल्या, त्या धास्तावूनच. साहेबांची जीभ आता ठणठणीत होती, आणि मुद्दे तर त्यांना जिभेच्या आधी फुटत. ताईंच्या जिन्यातच त्यांचा आवाज आला, चढलेला. "बाप म्हणवतो आणि हाक मारली तर ओ देत नाही? हे कसं चालेल? तुम्हीच सांगा. नाही, तुम्ही सांगू नका. ऐका नुसतं."

"ऐकतोय," पाळकसाहेबांचा आवाज आला. "मला ठाऊक नाही, ताई. तुम्ही त्याच्याशी भांडा. मी बसतो शेजारी."

चहात तिसरा चमचा साखर घातल्यावरून ताईंनी आधी साहेबांनाच झापलं, आणि मग पुन्हा देवाकडे वळल्या.

बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या, पिशवी मांडीवर घेतली आणि आवाज न करता हसत राहिल्या. आत जायची काही घाई नव्हती. ताई भांडत होत्या, आणि फार छान भांडत होत्या.