उन्हात ठेवलेले सेल

काल घड्याळाचा सेल संपला, सवयीनं तो उन्हात ठेवला आणि पारनेरचं आमचं अंगण आठवलं. शहाण्णव-सत्त्याण्णव साल असेल, मी नववीत होते. आईचा आणि दादांचा, म्हणजे वडिलांचा, महिनाभर अबोला होता आणि त्या दिवशी आई पिशवी भरून दोनच्या एसटीनं माहेरी निघाली होती. दादा सकाळपासून रेडिओचे सेल उन्हात तापवत होते. मला हळूच म्हणाले, "दुपारी एकच्या जुन्या गान्यांच्या कार्यक्रमात तुझ्या आईच्या नावानं फर्माईश धाडलीया. तिला सांगू नको, रेडिओवरूनच ऐकू दे." एक वाजला. आई दारात उगाच साडीच्या निऱ्या सारख्या करत राहिली. रेडिओवरची बाई म्हणाली, श्रोतेहो, आजपासून या वेळेत नव्या चित्रपटांची गाणी ऐका. दादांनी आवाज वाढवला, नाव तरी येईल म्हणून. नव्या गाण्यांचा नुसता ढणढणाट आला. "बायको घर सोडून चाललीय आन् ह्यांना गानी सुचत्यात," म्हणत आई बाहेर पडली. मी तोंड उघडणार तेवढ्यात दादांनी मानेनंच नको म्हटलं. आठ दिवसांनी आई परत आली. आता दादा नाहीत, पण आई ते वाक्य अजून बोलून दाखवते, आणि मी अजून गप्प बसते.