कॉलनी कुणाची?

आमच्या जुन्या ऑफिसातले चार लोक एका खोलीत आले की दहा मिनिटांत किस्से सुरू होतात, आणि प्रत्येकाला खात्री असते की तो किस्सा आपल्याच डोळ्यांसमोर घडला. परवा अबुधाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीत एका बारशाला जमलो होतो. पाळण्यात बाळ रडत होतं आणि आम्ही कोपऱ्यात बसून चिटणीस साहेबांचे किस्से उगाळत होतो. शेवटी बाळाची आजी म्हणाली, "अहो, एकदाचे लिहून तरी काढा, म्हणजे दर वेळी नव्याने भांडायला नको!" म्हणून लिहिते आहे. ज्यांना वेगळं आठवतं, त्यांनी आपापलं लिहावं.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या शेवटची. अबुधाबीच्या पश्चिमेला, रुवैसच्याही पलीकडे, समुद्रकाठी एक छोटंसं गाव होतं. सरकारने ठरवलं की तिथे आपल्या पैशाने बोटींसाठी धक्का, बाजार, वर्कशॉप आणि राहायची घरं बांधायची, म्हणजे व्यापार वाढेल आणि लोकांना कामधंदा मिळेल. प्रत्येक रिपोर्टच्या पहिल्या पानावर एकच मंत्र असायचा, 'टु बूस्ट ट्रेड अँड एम्प्लॉयमेंट'. आराखड्यांचं काम अबुधाबीतल्या आमच्या कन्सल्टंट ऑफिसकडे होतं. मी तिथे प्लॅनर. चिटणीस साहेब आमचे टीम लीडर, पुण्याहून आलेले. आणि सरकारी बाजूने सगळं ज्यांच्या सहीवर चालायचं ते मुदीर, म्हणजे डायरेक्टर. अमेरिकेत शिकलेला तरुण माणूस, बोलणं मोजकं, पण आम्ही सगळे त्यांना टरकून असायचो.

तीन वर्षांत पहिला टप्पा संपत आला. दुसऱ्या टप्प्याला पैसे मिळणार की नाही, हे कुणालाच माहीत नव्हतं. नाही मिळाले तर आमचं ऑफिस बंद आणि व्हिसे कॅन्सल. माझा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर होता, त्यामुळे मला फारशी झळ नव्हती. चिटणीस साहेबांची मुलगी गार्गी मात्र बारावीला होती. ऐन परीक्षेच्या तोंडावर तिला शाळेतून उचलून पुण्याला न्यावं लागलं असतं आणि वर्ष पाण्यात गेलं असतं. जगाच्या एम्प्लॉयमेंटचे रिपोर्ट लिहिणारा माणूस स्वतःच्या एम्प्लॉयमेंटच्या काळजीने निम्मा झाला होता.

* * *

पण सुरुवात करायची ती 'खलास'पासून.

चिटणीस साहेब इथे नवीनच आले होते. पहिलीच मोठी मीटिंग. मुदीरनी धक्क्याचे सगळे नकाशे शांतपणे पाहिले, फाईल मिटली आणि म्हणाले, "खलास." उठले आणि निघून गेले.

चिटणीस साहेब पांढरेफटक पडले. ऑफिसात येऊन मला म्हणाले, "वैद्यबाई, खलास म्हणाले हो! तोंडावर म्हणाले!" मी समजावेपर्यंत त्यांनी घरी फोनसुद्धा लावला होता. सुनंदावहिनी म्हणजे एक घाव दोन तुकडे. आल्यापासून सामान जेमतेम उघडलेलं, ते त्यांनी संध्याकाळपर्यंत परत भरलं. कुकर, पोळपाट, गार्गीची दप्तरं, सगळं बॅगेत.

दुसऱ्या दिवशी नकाशे सहीशिक्क्यानिशी मंजूर होऊन आले. अरबीत 'खलास' म्हणजे 'झालं, ठरलं, मिटलं', हे तेव्हा चिटणीस साहेबांना कळलं. वहिनी म्हणाल्या, "आता पुढच्या वेळी कुठल्या भाषेतलं ते विचारूनच फोन करा!"

* * *

त्यानंतर साहेबांनी अरबी शब्दांचा अभ्यासच सुरू केला. सगळ्यात जास्त राग त्यांना 'इन्शाल्ला'चा, म्हणजे 'देवाची इच्छा असेल तर'चा. बाजाराला पाण्याचं कनेक्शन कधी मिळेल असं विचारलं की कॉन्ट्रॅक्टर म्हणायचा, "इन्शाल्ला." दरवाजे कधी बसतील? "इन्शाल्ला." चार महिने ऐकून ऐकून शेवटी साहेबांनाच ती सवय लागली.

एकदा सुनंदावहिनींनी सकाळी विचारलं, "येताना भाजी आणाल ना?"

"इन्शाल्ला."

रात्री साहेब रिकाम्या हाताने घरी आले, हातपाय धुतले आणि पानावर बसले. पान रिकामंच.

"अगं, जेवण?"

वहिनी म्हणाल्या, "इन्शाल्ला!"

* * *

आमच्याकडे मिस्टर फ्लेचर नावाचे एक सल्लागार होते. इंग्रज, सत्तरीला टेकलेले. तरुणपणी आफ्रिकेतल्या इंग्रजी वसाहतींमध्ये रस्ते आणि पूल बांधण्यात त्यांची उमेद गेली होती. चिटणीस साहेबांच्या डब्यातले साबुदाणा वडे हा त्यांचा वीक पॉइंट. ज्या दिवशी वडे, त्या दिवशी आफ्रिका.

एकदा म्हणाले, "तेव्हा लंडनचं सरकार वसाहतींना विकासासाठी पैसे द्यायचं. आम्हाला एका पुलासाठी मिळाले. अट एकच, सामान सगळं आमच्या देशातून मागवायचं. क्रेन, लोखंड, खिळेसुद्धा."

"म्हणजे ट्रेड वाढला?" साहेबांनी विचारलं.

"फार वाढला."

"कुणाचा?"

"आमचा."

"आणि एम्प्लॉयमेंट?"

"तेही वाढलं. आमच्या कारखान्यांत." फ्लेचरनी शांतपणे दुसरा वडा उचलला. "एकदा शेकडो फावडी आली, दांड्यांशिवाय. दांडे मागून येणाऱ्या बोटीने येणार होते. आजूबाजूला सगळं जंगल, पण तिथलं लाकूड वापरायची परवानगी नाही! बोट येईपर्यंत माणसं फावड्यांकडे बघत बसून होती."

चिटणीस साहेब विचारात पडले. म्हणाले, "आमच्या गावच्या नदीवर तुमच्या लोकांनी बांधलेला पूल आहे. अजून खणखणीत आहे. पण त्याचे पैसे कुणी दिले असतील?"

"तुम्हीच," फ्लेचर म्हणाले. "बहुतेक दोनदा."

आणि तिसरा वडाही उचलला.

* * *

आमच्या बाजाराचीही वेगळीच तऱ्हा झाली. वीस गाळे बांधून तयार, एसीसकट. पण व्यापारी एकही येईना. सगळे म्हणायचे, आधी गिऱ्हाईक येऊ दे. गिऱ्हाईक म्हणायचं, आधी दुकानं येऊ देत.

व्यापार काय तो एकट्या झरीन खानचा. हा पठाण साइटच्या बाजूला ताडपत्री बांधून मजुरांना चहा-पराठा विकायचा. मुदीर पाहणीला येणार म्हटल्यावर कॉन्ट्रॅक्टर ती ताडपत्री काढायला निघाला. चिटणीस साहेब आडवे आले. "हात लावायचा नाही! आपल्याकडे दाखवायला तेवढंच आहे!"

मुदीर आले. रिकाम्या गाळ्यांवरून नजर फिरवून म्हणाले, "बिल्डिंग आय सी. व्हेअर इज द ट्रेड?"

साहेबांनी ताडपत्रीकडे बोट दाखवलं. "देअर, सर."

मुदीर सरळ तिकडे गेले, बाकड्यावर बसले आणि चहा मागवला. "अँड एम्प्लॉयमेंट?"

"सर, त्याचा मेहुणा कप धुतो."

मुदीरना हसताना आम्ही पहिल्यांदा पाहिलं. झरीन खानला त्याच आठवड्यात पहिला गाळा मिळाला. पुढे आम्ही पाहायला गेलो तर चहा अजून ताडपत्रीखालीच! गाळ्याचं काय केलं, विचारलं तर म्हणाला, "साब, उधर एसी है. उधर हम सोता है."

चहा एक दिरहमला. "म्हणजे अकरा रुपये!" असं म्हणून साहेब दर वेळी हळहळायचे आणि दुसरा कप मागवायचे.

* * *

आता त्या शब्दाबद्दल सांगायला हवं.

चिटणीस साहेबांचं अर्धं आयुष्य पुण्याकडच्या औद्योगिक वसाहती आखण्यात गेलं होतं. वसाहत म्हणजे कॉलनी. स्टाफ कॉलनी, वर्कर्स कॉलनी, शिक्षक कॉलनी. त्यांच्या लेखी घरांचा पुंजका दिसला की ती कॉलनी. रिपोर्टमध्येही ते तसंच लिहायचे. फ्लेचर लाल पेनने 'कॉलनी' खोडून 'टाउनशिप' लिहायचे. साहेब ते खोडून पुन्हा 'कॉलनी' करायचे. एका पानावर तर तो शब्द सहा वेळा मेला आणि सहा वेळा जिवंत झाला.

फ्लेचर म्हणाले, "मिस्टर चिटणीस, या शब्दाला वास येतो."

साहेब म्हणाले, "सर, मी सतरा वर्षं कॉलनीत राहिलो. वास यायचा तो फक्त शेजारच्या बोंबलांचा!"

फ्लेचर हसले नाहीत. म्हणाले, "तुम्ही कॉलनीत राहिलात. मी कॉलन्या चालवल्या आहेत."

* * *

तर दुसऱ्या टप्प्याचा, म्हणजे राहायच्या घरांचा, रिपोर्ट निघाला तेव्हा फ्लेचर नेमके सुट्टीवर. अरबी भाषांतर करायला उस्ताद इद्रीस म्हणून एक सुदानी गृहस्थ होते. अत्यंत प्रामाणिक. दिलेल्या शब्दाला अरबी शब्द, इकडचा तिकडे नाही.

प्रेझेंटेशन जानेवारीत होतं. आदल्या दिवशीच सुनंदावहिनींनी मला सांगितलं होतं की बॅगा माळ्यावरून खाली काढल्यात, पण गार्गीला दिसू नयेत म्हणून त्यांवर चादर घातली आहे. मुलगी खोलीत बसून अभ्यास करते आणि हे दोघं बाहेर कुजबुजत बोलतात. साहेबांनी त्या सकाळी टाय दोनदा बांधला आणि दोनदा सोडला.

मुदीरनी अरबी रिपोर्ट उघडला. पहिल्याच ओळीवर थांबले.

"मुस्तामरा," ते म्हणाले. मग मान वर करून इंग्रजीत, "कॉलनी. मिस्टर चिटणीस, हूज कॉलनी?"

आदल्याच दिवशी सुट्टीवरून परतलेल्या फ्लेचरनी डोळे मिटून घेतले. उस्ताद इद्रीस हळूच म्हणाले, "इंग्लिशमध्ये तसंच होतं."

मुदीर म्हणाले, "माझ्या आजोबांच्या काळात या किनाऱ्यासमोर इंग्रजांची जहाजं उभी असायची. आमच्याकडे हा शब्द चालत नाही."

संपलं, असं मला वाटलं. चिटणीस साहेब उभे राहिले. कानशिलं घामाने भिजली होती, आणि इंग्रजी नेहमीपेक्षाही जास्त पुणेरी झालं होतं.

"सर, सॉरी. आमच्याकडून इंग्रज गेले, शब्द मागे राहिला. आम्ही त्यात राहायलाच गेलो. आमच्याकडे कॉलनी म्हणजे कुणाची मालकी नाही, सर. कॉलनी म्हणजे तुम्ही गावाला गेलात की शेजारी तुमच्या कुंड्यांना पाणी घालतात. पाहुणा घर शोधत आला की सहा जण विचारतात, कोण पाहिजे? तुमच्या गावात आता धक्का आहे, बाजार आहे, वर्कशॉप आहे. पण गुरुवार-शुक्रवारच्या सुट्टीला माणसं बुधवारी संध्याकाळीच बस पकडून अबुधाबीला पळतात, कारण बायकामुलं गावात नाहीत. बायकामुलं नाहीत तर गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही तर ट्रेड नाही. सर, पैसे तुमच्याच सरकारचे आहेत. विटाही तुमच्याच. पण कॉलनी झाली नाही, तर ते नुसतं बांधकाम आहे."

एवढं बोलून ते खाली बसले आणि ग्लासातलं पाणी पिऊ लागले. ग्लास माझा होता.

मुदीरनी खिशातून पेन काढून पहिल्या पानावरचा तो शब्द खोडला आणि वर अरबीत दुसरा लिहिला. 'मदीना'. म्हणजे सिटी.

मग फ्लेचरकडे वळून म्हणाले, "मिस्टर फ्लेचर, यू बिल्ड द सिटी."

आणि चिटणीस साहेबांकडे पाहून, "अँड यू, मिस्टर चिटणीस, यू ब्रिंग द कॉलनी."

फाईल मिटली. उठता उठता म्हणाले, "खलास. यल्ला." यल्ला म्हणजे 'चला'.

दार बंद झालं. फ्लेचरनी चिटणीस साहेबांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. साहेबांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायच्या भानगडीत ते पडले नाहीत. तडक माझ्या टेबलाशी आले, फोन स्पीकरवर टाकला आणि घरचा नंबर फिरवला. घाईत दोनदा चुकला.

फोन गार्गीने उचलला.

साहेब ओरडलेच, "गार्गी! खलास! अगं, खलास झालं!"

पलीकडे मागून वहिनींचा आवाज आला, "काय गं? काय म्हणतात?"

आणि मग गार्गी, अगदी हळू आवाजात:

"बाबा, विच खलास? मराठी ऑर अरेबिक?"