आज कॉम्प्युटर कोण?

बारा वर्षं नायगाव पूर्वेला, घरच्याच हॉलमध्ये गणित आणि कोडिंग शिकवतेय. किस्से काही गोळा करावे लागत नाहीत, पोरं चपलांसारखे दारात सोडून जातात. लोक म्हणतात, "मजा आहे बुवा तुमची!" कसली डोंबलाची मजा!

*

लॅपटॉप एक, पोरं नऊ. म्हणून आमच्याकडे प्रोग्रॅम आधी वहीत लिहायचा आणि एकानं कॉम्प्युटर व्हायचं. लिहिलंय तेवढंच करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही.

एकदा सहावीतल्या मेलरॉयनं लिहिलं: हात वर, हात खाली, परत पहिल्यापासून. कॉम्प्युटर होती दहावीतली प्राची, शेजारच्या जूचंद्र गावातली. पोरं हसून बेजार, पण ही थांबेचना! शेवटी मी ओरडले, "अगं, बास!"

"टीचर, त्यानं 'थांब' लिहिलंच नाहीये!"

इतकी नेमकी पोर. गणितात मात्र बोंब.

*

मेलरॉयची मम्मी म्हणाली, "टीचर, गणित राहू द्या. नुसतं कोडिंग शिकवा, त्याला अमेरिकेला जायचंय."

मी विचारलं, "मेलरॉय, सात आठे?"

"चोपन्न!"

"बाई, अमेरिकेतपण छप्पनच होतात हो!"

पुढच्या महिन्यात मेलरॉय दुसऱ्या क्लासला गेला. तिथे एसी आहे म्हणे.

*

प्राचीला उदाहरण घातलं. आठ मजूर एक काम सहा दिवसांत करतात, तर चार मजूर किती दिवसांत करतील?

"सहाच."

"अगं, माणसं निम्मी झाली ना?"

"पप्पांच्या कंपनीत निम्मे काढले, टीचर. काम सहाच दिवसांत होतं. पप्पा उशिरा येतात."

पप्पा वालीवला एका कारखान्यात. मी उत्तरावर फुली मारली खरी, पण पेन्सिलीनं.

*

पूर्वपरीक्षेत प्राचीला गणितात अकरा मार्क. वही मिटून म्हणाली, "मला कॉम्प्युटरचा डिप्लोमा करायचाय. पास झाले की पप्पांना विचारते."

मग मी हट्टालाच पेटले. दोन महिने रोज, रविवारीसुद्धा. ती रडायची, मी चिडायची, परत तेच गणित. नवरा म्हणाला, "परीक्षा नक्की कोणाची आहे?" मी देवापुढे दिवा लावताना तिचा सीट नंबर म्हणायची, आता बोला!

*

निकाल लागला. गणितात बावन्न! मी हॉलमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी बापलेक पेढे घेऊन दारात. बाप नवा शर्ट घालून आलेला. "मॅडम, लय उपकार झाले! आमचा सुपरवायझर कधीचा सांगत होता, पोरीला पॅकिंगला घेतो, पन दहावी पास पाहिजे. सोमवारपासून जाते."

मी प्राचीकडे बघितलं. ती पेढ्याच्या बॉक्सचा दोरा सोडत होती.

"विचारलंस?" मी म्हटलं.

तिनं नाही म्हणून मान हलवली आणि पेढा माझ्या हातावर ठेवला.

बाप हसत होता. "तुम्ही होता म्हनून, मॅडम! नापास झाली असती, तर अजून वर्षभर तुमच्याकडंच बसली असती!"