रेसच्या पेडलची स्प्रिंग

राज्याचं नाव अजून म्हैसूर होतं, तेव्हाची गोष्ट. माझ्याकडे लष्कराच्या लिलावातून हात बदलत आलेला, पेट्रोलवर चालणारा ट्रक होता. अंगानं हत्ती, स्वभावानं म्हैस. रेसचं पेडल दाबलं की खाली जाई. पाय काढला तरी वर येत नसे. ते परत ओढणारी स्प्रिंग कधीच तुटली होती. तिच्या जागी मी सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली होती, आणि या शोधाचा मला फार अभिमान होता.

एकदा कमलनगरबाहेर ती पट्टी तुटली. ट्रक बायकोसकट कडब्याच्या गंजीत शिरला. कुणाला खरचटलंही नाही, पण केसांतला कडबा उपसत बायको म्हणाली, "ह्याला निस्तं पळायचं कळतंय. म्या आता बसनंच जाईन."

आणि गेलीच. माहेरी, बाजाराला, सगळीकडे बसनं. मी हसण्यावारी नेलं. पण मग गुलबर्ग्याला तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. स्वयंपाकाची भांडी न्यायची माझ्या ट्रकमधून. म्हणजे सगळ्या सासरवाडीसमोर ट्रकमधून पातेली उतरणार आणि बायको उतरणार बसमधून! हे मला सोसेना.

लग्नाच्या दोन दिवस आधी मी बीदरहून मेकॅनिकच घरी आणला. माणूस म्हैसूरकडचा, नुकताच इकडे आलेला. हातात खरीखुरी, पोलादी स्प्रिंग. बायको ओट्यावर तूरडाळ पाखडत परीक्षकासारखी बघत बसली.

मी सीटवर, तो बॉनेटमध्ये. "ओत्ति, सार," तो म्हणाला. दाबा. मी दाबलं. कानडी मला येतेच की! पण आमची कानडी गुलबर्ग्याची; मान द्यायचा तर शेवटी 'री' लावतो. या म्हणजे बर्री, बसा म्हणजे कुंड्री. सोडा म्हणायचं तर बिडरी. त्याची कानडी मऊ, म्हैसूरची.

"बिडी, सार!"

आता ही काय वेळ आहे? "आत्ताच पाहिजे का?"

"ईगा, सार! ईगा! बिडी!"

ईगा म्हणजे आत्ताच. तलफ दांडगी दिसली. मी उदार माणूस. पाय पेडलवर घट्ट ठेवून खिशातलं बंडल काढलं. त्याचे हात गुंतलेले, म्हणून पेटवूनच द्यावी, असा विचार करून बिडी ओठांत धरली आणि काडी ओढली.

"अय्यो! बिडी! बिडी!"

ओट्यावरून सूप उडालं. बायको ट्रकच्या पायरीवर चढली, फुंकर मारून काडी विझवली आणि माझ्या गुडघ्यावर असा दणका दिला की पाय बाजूला. "आवं, पाय सोडा म्हणायलाय त्यो! बोट अडकलंय त्याचं! पेट्रोलपाशी बिडी कामून पेटवायलाव?"

मेकॅनिकनं बोट उपसून तोंडात घातलं. पण बायको तिकडे बघत नव्हती. पेडल आपोआप वर आलं होतं. तिनं ते हातानं दाबलं, सोडलं. टक्क. पुन्हा दाबलं. टक्क. मग बोटाला हळद आणायला आत गेली.

हळद लागली, चहा झाला. मेकॅनिक माझ्या खिशाकडे बोट दाखवून म्हणाला, "सार, बिडी." मी दोन्ही पाय वर घेतले. या खेपेला त्याला खरंच बिडी हवी होती.

सकाळी भांडी चढली. ती बसनंच जाणार असं धरून मी तिला विचारलंच नाही. ती पिशवी घेऊन आली, ट्रकपुढे उभी राहिली, पदर खोचला आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

हुमनाबादपर्यंत एका हातानं दार धरून होती. नजर रस्त्यावर नव्हे, माझ्या पायावर. उतार आला, पाय उचलला, पेडल वर. वळण आलं, पेडल वर. पुढं एका सरळ रस्त्यावर मी तिच्या धाकानं बैलगाडीच्या मागं मागं चाललो होतो, तर तिनं दारावरचा हात काढून मांडीवर घेतला.

"आवं, दाबा की जरा! भांडी पोचंस्तोवर लोकं उपाशीच जातील."